मुकी यादी

"पाचातली कुठली, हे कसं कळणार?" नलवडे गुरुजींनी विचारलं.

"एकेक घालून बघायची," मी म्हटलं.

"बघायची," गुरुजी म्हणाले आणि हसले.

बुधवारची दुपार होती, वाचनालयाची सुट्टी. पुढचं शटर बंद, मागच्या दाराला मी आतून कडी घातलेली. खोलीत मी आणि गुरुजी, आणि टेबलावर माझा मोबाइल, स्पीकर मोठा करून ठेवलेला. त्यातून पुण्याहून अश्फाक मुल्ला बोलत होता. आमच्या तिघांपैकी एकालाही दिसत नव्हतं. मला जन्मापासून नाही. अश्फाकची दृष्टी लहानपणी गोवरानं गेली. अंधशाळेत तो आणि मी एका वर्गात होतो. गुरुजींनी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले.

कॉम्प्युटरच्या खोक्यात थर्माकोलच्या खाली पाच सीडी सापडल्या होत्या. त्यातली एक विंडोजची असणार, असं अश्फाकचं म्हणणं होतं. ती सापडली तरच पुढचं काम होणार होतं. मी पहिली आत सरकवली. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामनं तिचं नाव इंग्रजीत सांगितलं. प्रिंटरची होती. दुसरी कसल्याशा खेळाची. तिसरीत काहीच नव्हतं. चौथीचं नाव वाचताना तो प्रोग्राम एकेक अक्षर अडखळत गेला, पण आत एक फोल्डर होतं, त्याचं नाव 'आय थ्री एट सिक्स'.

"हीच," अश्फाक म्हणाला. "मंदे, हीच. ते फोल्डर विंडोजच्या सीडीतच असतं. बाहेर काढू नकोस आता. वाजले किती?"

मी माझ्या बोलणाऱ्या घड्याळाचं बटण दाबलं. दोन वाजून चाळीस मिनिटं.

"लाइट कधी जाते तुमच्याकडं?"

"साडेचारला. ती वेळ कधी चुकत नाही."

"मग आवर."

हे सगळं का चाललं होतं ते सांगते.

सन दोन हजार दहा. गडहिंग्लजच्या त्या वाचनालयात अंधांसाठी श्राव्य विभाग सुरू होऊन तीन महिने झाले होते आणि ते तीन महिने मी तिथं चाचणीवर होते. गावातल्या काही बायकांनी हौसेनं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून दिली होती. बावीस पुस्तकं झाली होती. ती सगळी एका कॉम्प्युटरमध्ये होती आणि तो कॉम्प्युटर एका डॉक्टरांनी दिलेला होता. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंग शिकून बंगळूरला नोकरीला गेला, त्याचं हे जुनं मशीन. त्यानं शिकताना त्यात दोन सिस्टिम घातल्या होत्या, विंडोज आणि लिनक्स. मशीन सुरू केलं की पडद्यावर एक यादी यायची. दहा सेकंदांत त्यातलं काही निवडलं नाही तर लिनक्स सुरू व्हायचं.

ही यादी मुकी होती. बोलणारा प्रोग्राम विंडोज सुरू झाल्यावरच बोलायला लागणार, त्याच्या आधी नाही. लिनक्सलाही बोलतं करता येतं म्हणे, पण आमच्या मशीनमधल्याला कोणी केलेलं नव्हतं, आणि करायला आधी कोणीतरी डोळस माणूस लागला असता. त्यामुळे रोज सकाळी शिपाई मारुतीमामा माझ्या टेबलापाशी यायचे, चष्मा लावायचे, यादी बघायचे, बाणाचं बटण दाबायचे आणि म्हणायचे, "झालं गं. बोलाय लागंल आता."

मी स्वतः प्रयत्न केला नाही असं नाही. विंडोज तिसऱ्या ओळीवर होतं. मशीनची सुरुवातीची शिट्टी वाजली की चार आकडे मोजायचे, दोनदा खाली, एंटर. महिनाभर ते जमलं. मग एकदा चुकून लिनक्स सुरू झालं असताना पडद्यावर अपडेट करू का असं विचारणारी कसलीशी चौकट आली आणि मामांनी "हो" वर दाबलं. त्यानंतर यादी दोन ओळींनी लांबली. मी चारदा दाबायला लागले. पुढच्या महिन्यात ती आणखी लांबली. जास्त दाबावं तर सगळ्यात शेवटच्या ओळीवर मशीनची मेमरी तपासणारं काहीतरी होतं. तिथं गेलं की मशीन तासभर गप्प, आणि ते चालू आहे की बिघडलंय हेही मला कळायचं नाही.

त्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. मामांच्या मुलीचं निपाणीला बाळंतपण होतं, म्हणून ते आठ दिवस रजेवर गेले. त्यांच्या मागे मोजत, चुकत तीन-चार खेपांनंतर कसंबसं विंडोज लागायचं. आणि ग्रंथपाल कोरी सरांनी मला बोलावून सांगितलं की गुरुवारी अकरा वाजता समिती विभाग बघायला येणार आहे.

"मंदाकिनीबाई, तुमचं काम चांगलं आहे, हे मी लिहून दिलंय," ते म्हणाले. "पण कार्यवाह विचारणारच. मशीन सुरू करायला जर बघणारा माणूस लागतो, तर विभागावर तोच माणूस का नको? त्यांच्या पाहण्यात एक मुलगी आहे. बारावी झालेली."

"तिला दिसतं," मी म्हटलं.

"हो, तिला दिसतं," सर म्हणाले. त्यांना ते बोलायला जड गेलं, हे आवाजावरून कळलं.

मी विचारलं, की दुसरी सिस्टिम काढून टाकली तर? मग यादीच येणार नाही, बटण दाबलं की सरळ विंडोज. सर म्हणाले, गावातल्या दुरुस्तीवाल्याला दोनदा निरोप दिलाय, तो येत नाही. "मी काढते," मी म्हटलं. सरांनी लगेच विचारलं,

"त्यातलं काही त्या डॉक्टरांच्या मुलाला हवं असलं तर?"

मी त्याला आदल्याच दिवशी फोन केला होता. माझं त्यात काही नाही, खुशाल काढा, पण आधी सुरुवातीचा भाग दुरुस्त करा, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही, असं तो म्हणाला होता. हे सांगितल्यावर सरांनी ड्रॉवर उघडला आणि मागच्या दाराची किल्ली माझ्या हातात दिली.

"जबाबदारी तुमची," ते म्हणाले. "बंद पडलं तर मी कोल्हापूरला होतो, मला काही माहीत नाही."

आणि ते खरंच बुधवारी कोल्हापूरला गेले.

गुरुजी यात आले ते योगायोगानं. ते रोज अकराला काठी टेकत यायचे, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि कुठलं पुस्तक ते सांगायचे. मी लावून द्यायची. कीबोर्डला ते कधी हात लावत नसत. सुरुवातीला एकदा त्यांचा हात लागून पुस्तक मधेच बंद पडलं होतं, तेव्हापासून हात मांडीवर. बुधवारी वाचनालय बंद असतं हे विसरून ते आले आणि मागच्या गल्लीत मला कुलूप उघडताना त्यांनी ऐकलं. काय करणार ते सांगितल्यावर म्हणाले, "मी बसतो की इथं. माझा काही उपयोग नाही, पण बसतो."

अश्फाक बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता. त्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली होती. त्याच्या घरच्या मशीनवर हेच काम एका इंजिनिअरनं केलं, तेव्हा त्यानं शेजारी बसून प्रत्येक पायरी विचारून ब्रेलमध्ये उतरवून घेतली होती. तो कागद त्याच्या मांडीवर होता.

"नीट ऐक," तो म्हणाला. "सीडी आत ठेवून मशीन परत सुरू करायचं. शिट्टी वाजली की स्पेसबार दाबत राहायचा, म्हणजे ते सीडीवरून सुरू होतं. मग सीडी बराच वेळ फिरेल. फिरून थांबली की एक पान येतं. त्या पानावर आर दाबायचं. आर म्हणजे दुरुस्ती. एंटर दाबलास तर ते नवीन विंडोज घालायच्या वाटेला लागेल."

"घातलं तर?"

"पुढं आणखी बरंच विचारतं. पण चुकत चुकत शेवटपर्यंत गेलीस तर डिस्क कोरी."

बावीस पुस्तकं. त्यातली अकरा एकट्या पोस्टमास्तरीणबाईंनी वाचलेली, दमा असताना. दुसरीकडे कुठं ती उतरवून ठेवलेली नव्हती. मी तळहात ओढणीला पुसले.

"आणि या सगळ्यात मशीन बोलणार नाही?" गुरुजींनी विचारलं.

"एक अक्षर नाही," अश्फाक म्हणाला.

"मग पान आलं हे कळणार कसं?"

"सीडीच्या आवाजावरून. माझ्याकडं अडीच मिनिटं लागली होती. हे मशीन जुनं, तीन धरा."

गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली. "मी मोजतो," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं कवायत घेतलीय. माझा सेकंद चुकत नाही."

मी मशीन बंद करून सुरू केलं. शिट्टी. स्पेसबार. सीडीनं घरघर सुरू केली आणि गुरुजींनी मोजायला घेतलं, अगदी शाळेच्या पटांगणातल्यासारखं, पण हळू आवाजात. एकशे दहाला सीडी थांबली.

"थांबली," मी म्हटलं.

"दाब आर," अश्फाक म्हणाला.

मी आर दाबलं. मग अश्फाकनं सांगितलं तसं एक, एंटर. मग पासवर्ड विचारतं, तो नव्हताच, म्हणून नुसतं एंटर. मग सुरुवातीचा भाग दुरुस्त करायचा हुकूम, एफ आय एक्स एम बी आर. एंटर. मग वाय, एंटर. मग ई एक्स आय टी, एंटर. प्रत्येक अक्षर मी तोंडानं म्हणून दाबत होते.

"आता ते आपणहून बंद होऊन परत सुरू होईल," अश्फाक म्हणाला. "शिट्टी ऐकू आली की समजायचं, सगळं पोचलं."

 पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. गुरुजी साठपर्यंत मोजून थांबले. शिट्टी आली नाही.

"अश्फाक."

"थांब. विचार करू दे."

"मी काय केलं, अश्फाक? एंटर किती वेळा दाबलं मी?"

"घाबरू नकोस. सीडी मधेच थांबली असणार आणि तुला वाटलं संपली. तुझा आर वाया गेला. मग एंटर लागला, म्हणजे ते नवीन घालायच्या वाटेला गेलं." कागदावरून बोटं फिरल्याचा आवाज फोनमधून आला. "तिथं ते अटी दाखवतं. पुढं जायला एफ आठ मागतं. तू एफ आठ दाबलंस?"

"नाही."

"मग ते तिथंच बसलंय. काही झालेलं नाही. बटण दाबून धर, बंद कर."

मी बटण दाबून धरलं. मशीनचा पंखा थांबला.  मला वाटलं आता ते म्हणतील, राहू दे पोरी, कशाला. मीच ते म्हणायच्या बेतात होते. शटर उघडून समोरच्या दुकानातल्या कोणालाही बोलावता आलं असतं.

"कोणाला तरी डोळस माणसाला बोलवू का?" मी विचारलं.

"बोलव की," अश्फाक म्हणाला. "तो वाय दाबायच्या आधी पडद्यावर आलेली सूचना वाचेल. डिस्क खराब होऊ शकते, खात्री आहे का, असं लिहिलेलं असतं. माझ्याकडचा इंजिनिअर शिकलेला होता, तरी दहा मिनिटं हात वर धरून बसला होता."

गुरुजी म्हणाले, "मधे सीडी थांबली ती पूर्ण थांबली नव्हती."

"म्हणजे?"

"बारीक किणकिण चालू होती. मला वाटलं तुलाही ऐकू येतेय. मी बोललो नाही, म्हटलं आपल्याला यातलं काय कळतंय."

"गुरुजी," अश्फाक फोनमधून म्हणाला, "या खेपेला तुम्ही सांगाल तेव्हाच ती दाबेल."

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी पुन्हा सुरू केलं. शिट्टी, स्पेसबार, घरघर. गुरुजी उठून टेबलाच्या कडेला उभे राहिले आणि कान मशीनच्या डब्याला लावून मोजायला लागले. एकशे दहाला सीडी थांबल्यासारखी झाली. माझं बोट आरवर होतं.

"नाही," गुरुजी म्हणाले.

पुन्हा घरघर सुरू झाली. दीडशे. एकशे सत्तर. मग आवाज उतरत गेला.

"किणकिण आहे अजून," गुरुजी कुजबुजले. "आहे. आहे. गेली." तरी त्यांनी आणखी दहा मोजले. "दाब."

मी आर दाबलं, आणि लगेच डब्याच्या आतून दुसराच आवाज आला. डिस्क कुरकुरत होती. आधीच्या वेळी हा आवाज नव्हता.

"ऐकलंस?" मी फोनला म्हटलं.

"ऐकलं. लागलीस तू वाटेला. कुरकूर थांबू दे. आता एक, एंटर."

एक, एंटर. थोडं थांबून एंटर. एफ, आय, एक्स, एम, बी, आर. एंटरवर बोट ठेवलं. दाबलं. वाय. एंटर. डिस्कनं एक बारीक टक् असा आवाज केला, एवढाच. मग ई, एक्स, आय, टी.

"दाबू?"

"दाब," दोघंही एकदम म्हणाले.

दाबलं. पंखा क्षणभर मंदावला, परत वेगात आला, आणि शिट्टी वाजली.

गुरुजींनी माझा खांदा घट्ट धरला. "आता कशाला हात लावू नकोस," अश्फाक घाईघाईनं म्हणाला, "काही दाबलंस तर परत सीडीवर जाईल. हात वर कर." मी खरंच दोन्ही हात वर केले. गुरुजींना ते दिसायचा प्रश्न नव्हता, पण माझी कोपरं त्यांना लागली आणि त्यांनीही हात वर केले. असे आम्ही दोघं हात वर करून उभे. पाच सेकंद, दहा, वीस. गुरुजी मोजायचे विसरले होते. मी मनात मोजत होते. चाळीसच्या पुढे कुठंतरी विंडोजची ती सुरुवातीची धून वाजली आणि तिच्या मागोमाग आमचा प्रोग्राम बोलायला लागला.

मामा नव्हते. यादी आली नव्हती. कोणी खाली बाण दाबला नव्हता.

फोनमध्ये अश्फाक काहीतरी ओरडत होता आणि त्याच्या मागे त्याची आई विचारत होती, "काय झालं रे?" मी खुर्चीत बसले. मला एकदम हसू यायला लागलं आणि ते थांबेना. गुरुजी मात्र अजून उभेच होते. "आता ती दुसरी काढायची ना?" ते म्हणाले. "वाजले किती?"

पावणेचार झाले होते.

लिनक्स अजून डिस्कवर होतंच, फक्त त्याच्याकडे जायचा रस्ता बंद झाला होता. ते तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं बरीच डिस्क अडवली होती. मार्चपासून नवीन पुस्तकं ठेवायला जागा उरली नव्हती आणि पोस्टमास्तरीणबाई आणखी दोन वाचून तयार होत्या. शिवाय, खरं सांगायचं तर, आता मला ते तिथं नकोच होतं.

हे काम बोलत्या मशीनवर होतं, पण मला ते आधीच्यापेक्षा अवघड गेलं. डिस्कच्या भागांची यादी उघडली. एकेक ओळ प्रोग्राम वाचत होता. पहिला भाग सी. दुसरा डी, त्यात आमची पुस्तकं. मग दोन भाग बिननावाचे, एक मोठा, एक छोटा. नाव नाही, प्रकार नाही, फक्त आकार.

"ते दोन," अश्फाक म्हणाला. "पण पुसायच्या आधी तीनदा खात्री कर. इथं परत फिरता येत नाही."

मी वर गेले, खाली आले. वर गेले, खाली आले. बिननावाचा, चाळीस जीबी. मी विचारलं, "गुरुजी, तो काय म्हणाला तुम्ही ऐकलंत?"

"फोर्टी म्हणाला."

"आणि डी?"

"डी त्याच्या आधी होता. सेव्हंटी." मग ते म्हणाले, "तुझी खात्री आहे ना, मग माझी कशाला विचारतेस?"

मी डिलीट दाबलं. यातली सगळी माहिती जाईल, पुढे जायचं का, असं त्यानं विचारलं. हो. मग छोटा भाग. हो. दोन्ही वेळा तो लगेच बोलला नाही. मग डीमध्ये जाऊन पुस्तकं मोजली. बावीस. एक पुस्तक मधूनच लावलं. पोस्टमास्तरीणबाईंचा आवाज आला, मधे खोकल्यासकट.

सीडी बाहेर काढली. मशीन रीतसर बंद केलं, परत सुरू केलं. बोललं. परत बंद, परत सुरू. बोललं. तिसऱ्यांदा तो बोलत असतानाच पंखा थांबला, डोक्यावरचाही आणि मशीनमधलाही.

"साडेचार," गुरुजी म्हणाले.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष, कार्यवाह पट्टणशेट्टी आणि आणखी दोघं. कोरी सर कोल्हापूरहून रात्रीच परतले होते, पण मला त्यांनी काही विचारलं नव्हतं. मी मशीन मुद्दाम बंद ठेवलं होतं.

"मारुती रजेवर आहे ना?" पट्टणशेट्टी म्हणाले. "मग सुरू कोण करणार? सर, तुम्ही करता का?"

"बाई करतील," कोरी सर म्हणाले. त्यांच्या आवाजात किंचित प्रश्न होता.

मी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. चौघंही माझ्या पाठीमागे उभे.  त्या चाळीस-पन्नास सेकंदांत मी काय काय ऐकलं ते अजून आठवतं, कोणाच्या तरी खिशातल्या किल्ल्या, कोणाचं तरी घसा खाकरणं. मग धून, मग तो आवाज. मी पुस्तकांचं फोल्डर उघडलं, एक पुस्तक लावलं, थांबवलं, दुसरं लावलं.

"काहीच निवडावं लागलं नाही?" पट्टणशेट्टींनी विचारलं. "मारुती तर म्हणायचा यादी येते."

"यायची," मी म्हटलं. "आता एकच सिस्टिम आहे. दुसरी काढली."

"कोणी काढली?"

"मी आणि नलवडे गुरुजींनी."

मागे कोणीतरी हसलं, बहुतेक अध्यक्ष. "नलवडे मास्तरांनी?" ते म्हणाले. "मला चौथीला होते ते." पट्टणशेट्टींनी आणखी बरेच प्रश्न विचारले. पुस्तकं हरवली तर काय, नक्कल ठेवलीय का. ठेवलेली नव्हती. ते बरोबर होते आणि मी तसं कबूल केलं. त्या बैठकीत नकलांसाठी वेगळी डिस्क घ्यायचं ठरलं. माझी नेमणूकही त्याच बैठकीत झाली. त्या खोलीत मी पुढे तेरा वर्षं काम केलं.

मामा सोमवारी परतले, नातू झाल्याचे पेढे घेऊन. खिशातून चष्मा काढून टेबलापाशी आले तेव्हा मशीन बोलत होतं. "कुणी लावलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.  "बरं झालं," म्हणाले, पण लगेच गेले नाहीत. मी त्यांना म्हटलं, मामा, पुस्तकं वाचून द्यायला माणसं कमी पडतायत. ते म्हणाले, मी कसला वाचतोय. आणि गेले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढच्या दिवसाचं.

मंगळवारी भडगावहून येणारी माझी एसटी पंक्चर झाली. मी पोचले तेव्हा अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटं गुरुजी बाहेरच्या बाकावर ताटकळत असणार म्हणून मी जवळजवळ पळतच आले. बाकावर कोणी नव्हतं. श्राव्य विभागाचं दार उघडं होतं आणि आतून एका बाईंचा वाचनाचा आवाज येत होता. हिमालयातल्या एका प्रवासाचं पुस्तक होतं ते. गुरुजींनी ते अर्ध्यावर सोडलं होतं.

मामा दारातच होते. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी हात लावला न्हाई. दार तेवढं उघडून दिलं. बटण कुठं हाय ते पण त्यांनीच चाचपलं."

रोज शेजारी बसून माझी बटणं त्यांनी ऐकून ठेवली असणार. मी दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिले. नोकरी टिकावी म्हणून मी त्या बुधवारी एवढं केलं होतं. मशीन माझ्या एकटीच्या हातानं सुरू व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं. ते माझ्याशिवायही सुरू होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. क्षणभर मला चमत्कारिक वाटलं, आपली खुर्ची कोणीतरी ओढून घेतल्यासारखं. मग आत बाण दाबल्याचा आवाज आला, चाचपत, एकदा, दोनदा. गुरुजी एक परिच्छेद मागे जाऊन पुन्हा ऐकत होते. तो परिच्छेद त्यांना आवडला होता, एवढंच कारण.

माझी काठी उंबऱ्याला लागली.

"कोण, मंदाकिनी?" ते आतून म्हणाले. "बस जरा बाहेर. हे प्रकरण संपू दे."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मामांनी मला पाणी आणून दिलं. प्रकरण संपायला चाळीस मिनिटं लागली आणि त्यात गुरुजींनी मला एकदाही हाक मारली नाही.